दहिवलीचे पाणी आणि खाडीच्या तिसऱ्या

कर्जत आणि दहिवली यांच्यामधून उल्हास नदी वाहते. स्टेशन आणि बाजार कर्जतकडे, आमचे घर दहिवलीकडे. चाळीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला आणि रोज हा पूल ओलांडला. पावसाळ्यात तांबडे पाणी, दिवाळीला निवळ आणि होळीनंतर दगडागोट्यांतून रांगणारा प्रवाह, ही नदीची तीन रूपे मला पाठ आहेत. पण हे पाणी पुढे कुठे जाते, कोणाच्या पोटात जाते, याचा विचार मी १९९४ सालापर्यंत केला नव्हता.

त्या वर्षी थंडीत कर्जतच्या बाजारात मी तिसऱ्या घ्यायला थांबलो होतो. विकणाऱ्या मावशी कल्याणच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावात राहत. लोकलने टोपली घेऊन येत. माझ्या आईच्या वेळेपासून त्यांच्या घरची कोणी ना कोणी आमच्याकडे येत असे. वाटा भरताना त्या म्हणाल्या, "मास्तर, ही आमच्या खारीची नाय. उरनवरशी आनलीय."

मी विचारले, "मावशी, खाडी तुमच्या दारात, आणि तिसऱ्या उरणच्या कशाला?"

"आमच्या खारीची आमीच खात नाय, तुमाला कशी देऊ?"

एवढे बोलून त्यांनी वरून चार तिसऱ्या जास्तीच्या टाकल्या. मी घरी आलो, पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला साक्षीदार भेटला की तो कागद शोधू लागतो. गेली तीस वर्षे मी अधूनमधून हे कागद चाळतो आहे. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. जे वाचले, ताडून पाहिले आणि पटले, ते या लेखात सांगतो. लेखातले नायक पाठीचा कणा नसलेले आहेत: तिसऱ्या, कालवे, खुबे, गोगलगायी, चिंबोऱ्या, चिखलातले किडे. त्यांनी लिहून काही ठेवलेले नाही. पण पाण्यात काय होते याची नोंद त्यांच्या शरीरात राहते, आणि ती वाचायला माणूस फार उशिरा शिकला.

नदीचे दोन हिशेब

१८८२ मध्ये जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे खंड प्रसिद्ध झाला. तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे उल्हासचा उगम आणि तिचे मुख या दोहोंचे वर्णन एकाच ग्रंथात सापडते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी सुमारे १२२ किलोमीटर वाहत जाते. वाटेत कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण ही गावे लागतात. ठाण्याच्या ईशान्येला तिचे दोन फाटे होतात. मोठा फाटा घोडबंदरवरून वसईच्या खाडीला जातो, लहान फाटा ठाण्याच्या खाडीला जोडला जातो. जिल्ह्यांच्या सीमा पुढे बदलल्या, कर्जत कुलाब्यात आणि कुलाब्याचा रायगड झाला. कागदावर आम्ही खाडीपासून वेगळे झालो, पाणी मात्र त्याच वाटेने जात राहिले.

त्या काळचा खाडीकाठ मासे, मीठ आणि चुना यांवर जगत होता. शिंपल्या भाजून चुना पाडायचा हा कोकणातला जुना उद्योग. किल्ल्यांच्या, देवळांच्या, वाड्यांच्या भिंतींत आणि पानाच्या डबीत तोच चुना. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तिसरी आपले घर बांधते, माणूस ते भाजून आपले घर बांधतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

तिसरी चिखलमिश्रित वाळूत पुरून बसते आणि दोन नळ्या वर काढते. एका नळीने पाणी आत, दुसरीने बाहेर. आत आलेल्या पाण्यातले सूक्ष्म शैवाल आणि कण कल्ल्यांवर गाळले जातात, तेच तिचे अन्न. कालवाचेही तसेच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोठे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला दीडशे लिटरहून अधिक पाणी गाळू शकते, असे मोजले गेले आहे. या प्राण्यांना पळता येत नाही. पूर आला आणि पाणी गोडे झाले की शिंपली मिटून काही दिवस वाट पाहायची, एवढाच उपाय त्यांच्या हाती असतो. वरून येणारे गोडे पाणी आणि खालून येणारी भरती यांच्या तोलावर त्यांचे आयुष्य चालते.

या तोलात पहिला मोठा हात घातला गेला तो आमच्याच डोंगरात. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. गिरण्यांच्या मुंबईला वीज हवी होती. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटावर अडवलेले, मूळचे पूर्वेकडे भीमा-कृष्णेला जाणारे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात उतरू लागले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळाले, आणि खालापूर तालुक्यातून ती नदी ते धरमतरच्या खाडीकडे नेऊ लागली. भिवपुरीचे पाणी पेज नदीतून उल्हासला आले. खालच्या उल्हासला भर उन्हाळ्यात पाणी राहू लागले. त्याच भरवशावर पुढे नळयोजना झाल्या, कारखाने आले, गावांची शहरे झाली. नदीच्या हिशेबात जमा वाढली. खर्चाची बाजू मात्र खाडीच्या नावावर पडत गेली.

१९४९ नंतर

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. नदीचे नाव घेऊन वसलेले ते शहर. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा आणि इकडे पाताळगंगेकाठी रसायनी येथे रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांनी लाखो घरांत चूल पेटवली, हे विसरून चालणार नाही. माझ्याच शाळेतली कितीतरी मुले सकाळच्या गाडीने तिकडे कामाला गेली आणि संसाराला लागली. पण रंग, आम्ल, क्षार आणि धातू यांनी भरलेले पाणी नाल्यांतून कुठे जाईल, याचे उत्तर त्या आराखड्यांत एकच होते: खाडीत. भरती-ओहोटी सगळे धुऊन नेते, अशी समजूत होती.

ती समजूत चुकीची आहे हे जपानमध्ये आधीच सिद्ध झाले होते. मिनामाता या गावी १९५६ मध्ये एका विचित्र रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय लटपटणे, बोलणे अडखळणे, दृष्टी आकुंचन पावणे, मूल जन्मतःच अपंग असणे, अशी त्याची लक्षणे होती. गावातली मांजरेही झटके येऊन मरत होती. रोग्यांमध्ये समान गोष्ट एकच होती. ते सारे उपसागरातले मासे आणि शिंपले भरपूर खात होते. कारखान्याने सोडलेल्या पाण्यातला पारा मिथाइल पाऱ्याच्या रूपाने त्या प्राण्यांच्या अंगात साठत गेला होता. समुद्राने तो धुऊन नेला नव्हता. साठवला होता.

उल्हासला काळू नदी मिळते. तिच्याकाठी आंबिवली-मोहोने परिसरात रेयॉनचा उद्योग होता. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि त्या काळी तो करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पारा वापरला जाई. १९७० आणि ८० च्या दशकांत संशोधकांनी काळूच्या पाण्यात आणि गाळात पारा आढळल्याचे नोंदवले. मिनामातासारखी महामारी इकडे झाली नाही. पण गाळात बसलेला धातू किडा खातो, किडा चिंबोरी खाते, आणि चिंबोरी माणूस खातो. या साखळीत उकळण्याने, वाफवण्याने काही फरक पडत नाही. जंतू उकळल्यावर मरतात, पारा मरत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत कायदा लवकर केला, हे सांगितले पाहिजे. जलप्रदूषण रोखण्याचा राज्याचा कायदा १९६९ चा. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. स्टॉकहोमची जागतिक पर्यावरण परिषद १९७२ ची आणि केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. कागद वेळेवर होता. गाळ त्याच्याही आधी साचायला लागला होता.

१९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक साधी कल्पना मांडली. समुद्राचे पाणी प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिवशी तपासणे अशक्य. आज विषारी असलेले पाणी उद्या नमुना घ्यायला जाल तेव्हा पुढे गेलेले असते. पण शिंपले तिथेच बसलेले असतात आणि दिवसरात्र पाणी गाळत असतात. तेव्हा पाण्याऐवजी शिंपले तपासा, ते गेल्या कित्येक महिन्यांची सरासरी सांगतील. 'मसल वॉच', म्हणजे शिंपल्यांमार्फत पहारा, या नावाने हा कार्यक्रम पुढे अनेक देशांत चालला. ते वाचले तेव्हा मला मावशी आठवल्या. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. पण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच पहारा चालू होता, आणि "आमच्या खारीची आमीच खात नाय" हा त्या पहाऱ्याचा अहवाल होता.

कारखान्यांइतकाच, किंबहुना त्याहून मोठा वाटा घरगुती मैल्याचा. १९८८ च्या जानेवारीत शांघाय शहरात काविळीची साथ उसळली. दोन-तीन महिन्यांत सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. तपासात कळले की मैलापाणी मिसळलेल्या किनाऱ्यावरचे, आपल्या खुब्यांच्या जातकुळीतले शिंपले लोकांनी अर्धेकच्चे खाल्ले होते. शिंपल्यांनी नेहमीसारखे पाणी गाळले होते. विषाणू त्यांच्या अंगात अडकले आणि ते माणसांपर्यंत पोचले. ज्याने खाडीत सोडले, त्याच्याच ताटात परत आले.

मुरगावची गोगलगाय

विष नेहमी मारूनच परिणाम करते असे नाही. १९७० मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावर एका संशोधकाला खडकांवरच्या समुद्री गोगलगायींमध्ये चमत्कारिक गोष्ट दिसली. माद्यांना नराच्या जननेंद्रियासारखा अवयव उगवला होता. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका जातीत तेच दिसले आणि या विकृतीला 'इम्पोसेक्स' असे नाव पडले. कारण कळायला आणखी दहा वर्षे गेली. जहाजांच्या आणि होड्यांच्या बुडाला शिंपले-शैवाल चिकटू नये म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग घालत. बुडाला चिकटलेल्या जीवांमुळे वेग कमी होतो आणि इंधन जास्त जळते, म्हणून हा रंग जहाजवाल्यांना वरदान वाटला होता. रंगातून ते संयुग पाण्यात झिरपे. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग एवढ्या मात्रेनेही मादीत विकृती सुरू होई. विकृती वाढली की अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होऊन मादी मरे. नर जिवंत, माद्या जिवंत, आणि तरी पिल्ले नाहीत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरून काही ठिकाणी ती जात अशी नाहीशी होत गेली.

फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे कालवांची पिल्ले धरेनात आणि मोठ्या कालवांच्या शिंपल्या वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. शेतकऱ्यांचे दिवाळे निघायची वेळ आली, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सने लहान होड्यांना तो रंग लावण्यावर बंदी घातली. त्यानंतर पिल्ले पुन्हा धरू लागली. जगभरच्या जहाजांसाठी बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि तो २००८ मध्ये अमलात आला. प्लिमथच्या पहिल्या नोंदीपासून मोजले तर ३८ वर्षे.

या गोष्टीचे आपल्या किनाऱ्यावरचे पान गोव्यात आहे. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मुरगाव बंदरातल्या गोगलगायींत हीच विकृती असल्याचे प्रसिद्ध केले. जातीचे शास्त्रीय नाव क्रोनिआ कोंकणेन्सिस. नावातच कोकण आहे. लोहखनिज नेणाऱ्या मोठ्या जहाजांची ये-जा, गोदी, रंगकाम हे सारे त्या बंदरात होते. मुंबईचे बंदर आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेव्याचे बंदर आपल्या दाराशी आहे. बाजारात न विकली जाणारी, कोणी न खाणारी ही गोगलगाय. तिची अंडी थांबली तर कोणाचा धंदा बुडत नाही, म्हणून कोणी ओरडतही नाही. आर्काशोंच्या कालवांना मालक होते. त्यांचा आवाज ऐकला गेला.

जिंकलेले

प्रदूषणाने सगळेच मरतात, हाही गैरसमज आहे. काही जीव जिंकतात. मध्य अमेरिकेच्या परिसरातला मायटिलॉप्सिस साली नावाचा लहान काळपट शिंपला जहाजांबरोबर प्रवास करत विशाखापट्टणमला आला. तिथली नोंद १९६७ ची. १९७० च्या दशकात तो मुंबईच्या नौदल गोदीत सापडला. गोडे-खारे कसलेही पाणी त्याला चालते, घाणीचे त्याला वावडे नाही, आणि तो थरावर थर चढवत इतरांची जागा घेतो. १९९९ मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियात डार्विनच्या होड्यांच्या गोद्यांत दिसला, तेव्हा तिथल्या सरकारने त्या गोद्या बंद करून, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतून काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. आपल्याकडे तो स्थायिक झाला आहे.

गाळातल्या किड्यांचेही तसेच. सेंद्रिय घाण वाढून चिखलातला प्राणवायू कमी झाला की संवेदनशील जाती जातात आणि कॅपिटेलासारखे थोड्या जातींचे किडे प्रचंड संख्येने वाढतात. वरून पाहणाऱ्याला जीवसृष्टी भरभरून दिसते. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी येणारे रोहित पक्षी पाहायला आम्ही कर्जतहून मुलांची सहल नेली होती. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दोन्ही आनंदाच्या गोष्टी. पण लहान रोहित ज्या नीलहरित शैवालावर जगतो, त्याला मैलापाण्यातली नत्र-स्फुरदाची खते मानवतात. एकाच पाण्याने रोहितांना मेजवानी दिली आणि कालवांना हद्दपार केले. खाडी जिवंत आहे, हे खरे. ती पूर्वीचीच आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

समुद्रच बदलतो तेव्हा

इथवरचा इतिहास नळीच्या तोंडाशी उभे राहून पाहता येतो. पुढचा पाहता येत नाही. उद्योगयुगापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आता ते ४२० च्या वर आहे. माणसाने सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. आपल्या दृष्टीने हा उपकार, पण पाण्यात विरघळल्यावर त्याचे कार्बनिक आम्ल होते. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो, पण हे माप गुणोत्तराचे असल्याने आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा त्याचा अर्थ होतो. आणि आम्लता वाढली की शिंपली बांधायला लागणारे कार्बोनेट कमी पडते. वर ज्या चुन्याची गोष्ट सांगितली, त्या चुन्याचीच टंचाई पडते.

याचा पहिला ठळक फटका २००७-०८ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या एका कालवबीज केंद्राला बसला. कालवांची पिल्ले कोट्यवधींनी मरू लागली. आधी जंतूंवर संशय गेला. शेवटी असे दिसले की खोल समुद्रातून वर येणारे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी टाक्यांत घेतले की पिल्ले मरतात. पिल्लू आपली पहिली शिंपली जन्मल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत बांधते. नेमके त्याच वेळी त्याला कार्बोनेट मिळत नव्हते. केंद्राने पाण्यात धुण्याचा सोडा मिसळायला सुरुवात केली आणि पिल्ले पुन्हा जगू लागली. टाकीत सोडा घालता येतो. अरबी समुद्रात घालता येत नाही.

आपल्या समुद्राविषयीचे काम पुण्यात झाले आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. २०१६ च्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात त्याच भागातले वनस्पती-प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसते. वरचे पाणी तापून हलके झाले की खालचे पोषक पाणी वर येणे मंदावते आणि प्लवक उपाशी राहते. प्लवक म्हणजे समुद्रातले गवत. जवळ्यापासून कालवापर्यंत सगळ्यांची भाकरी त्यावर. त्यातच अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू मुळातच फार कमी असतो. हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाचा चमकणारा सूक्ष्मजीव तिथे मोठ्या प्रमाणावर माजू लागल्याचे २०१४ च्या एका निबंधात दिसते. कोकणच्या किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला पर्यटक रात्री जातात, त्या बहुधा याच्याच. तो फारसा कोणाच्या खाण्यात येत नाही. जेलीफिशसारख्या थोड्यांना तो चालतो.

खाडीत हे दोन इतिहास एकत्र येतात. मैला कुजताना प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे खाडीचे पाणी वरून शहरे आम्ल करतात आणि खालून समुद्र. मध्ये तिसरी. हवेतला कार्बन एकट्या गावाच्या हातात नाही. मैला मात्र आहे. समुद्र बदलतो आहे तेव्हा निदान खाडीवरचे एक ओझे उतरवले, तर या जीवांना टिकून राहायला थोडी सवड मिळेल.

यादीत नसलेले गाव

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांच्या ३५१ प्रदूषित पट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ महाराष्ट्रातले. उल्हासचा पट्टा मोहोने ते बदलापूर असा दिला आहे. मी ती यादी वाचली आणि पहिली भावना समाधानाची झाली. आपण बदलापूरच्या वर. आपले नाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या मागे गेलो. आमचे घर मी १९८९ मध्ये बांधले. तेव्हा शोषखड्ड्याचे पैसे वाचवायला गवंड्याने सुचवले आणि मी हो म्हटले: सेप्टिक टँकच्या वरच्या पाण्याचा पाइप सरळ मागच्या नाल्यात. नाला शंभर-दीडशे पावलांवर उल्हासला मिळतो. आमच्या आळीत बहुतेकांचे तसेच होते. नंतर इमारती आल्या, शनिवार-रविवारची घरे आली, त्यांचेही पाणी तिकडेच. नदी पुढे बदलापूरला पोचेपर्यंत त्यात काय मिसळले त्याची यादी झाली. सुरुवात कोणी केली त्याची झाली नाही.

१९९४ मध्ये मावशींनी बाजारात टोपली उतरवली आणि ते वाक्य म्हटले, तेव्हा माझा पाइप पाच वर्षे वाहत होता. मी त्यांना मोठ्या शहाणपणाने प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्या घरामागे होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी शोषखड्डा खणून घेतला आणि पाइपचे तोंड सिमेंटने बंद केले. त्याच जुलैत उल्हासला पूर आला. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हे वाचकांना आठवत असेल. आमच्या नाल्याचे पाणी अंगणापर्यंत आले, ओसरले, आणि मागे प्लास्टिक, चिंध्या, बाटल्या सोडून गेले. बाकीचे खाडीकडे गेले असणार. त्या दिवशी खाली चिखलात जे बसले होते त्यांनी शिंपल्या मिटून घेतल्या असतील. पूर ते सोसतात. पुराबरोबर आम्ही काय पाठवतो, एवढेच आमच्या हातात आहे. आळीतल्या चार घरांनी त्यानंतर शोषखड्डे केले. बाकीच्यांशी बोलणे चालू आहे. नगर परिषदेच्या मलनिस्सारणाच्या पाइपांची वाट सगळेच पाहत आहेत.

मावशी आता बाजारात येत नाहीत. गुडघे गेले. त्यांची सून येते. गेल्या पौषात मी तिला विचारले, "कुठल्या गं?"

"उरनच्याच, काका."

मी वाटा घेतला. घरी पत्नीने त्या रात्रभर पाण्यात ठेवल्या, वाळू सोडायला. सकाळी पातेल्याच्या तळाशी चमचाभर काळा गाळ होता. तिने ते पाणी सवयीने मोरीत ओतले. मोरीचे पाणी आता शोषखड्ड्यात जाते.